दौलत परब इथे राहत नाही

दौलत परबच्या ऑफिसात मीटिंगच्या खोल्यांना सहलीच्या ठिकाणांची नावं होती. महाबळेश्वर, माथेरान, गणपतीपुळे, अलिबाग. कामाच्या जागी माणसांना प्रसन्न वाटावं म्हणून ही व्यवस्था होती, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत तसं वाटतही असे. मग अलिबाग एचआरवाल्यांनी कायमची ताब्यात घेतली. तिथे दोन खुर्च्या, एक टेबल आणि कागदी रुमालांचा एक डबा. ज्याला अलिबागचं बोलावणं येई तो पंधरा मिनिटांत बाहेर येई, आपला मग, चार्जर आणि टेबलावरचा छोटा गणपती एका खोक्यात भरी आणि खोकं उराशी धरून लिफ्टकडे जाई. जाता जाता सगळ्यांकडे बघून हसे. दौलतला त्या हसण्याची सर्वांत जास्त भीती वाटे.

होळीपर्यंत त्याच्या रांगेतले अकरापैकी सात जण अलिबागला जाऊन आले. उरलेले चौघे डबा खाताना समुद्राचा विषय काढेनासे झाले.

दौलत चाळीस वर्षांचा. परळच्या त्या ऑफिसात चौदा वर्षं तो विम्याच्या हप्त्यांचा एक जुनाट प्रोग्राम सांभाळत होता. प्रोग्राम मुळात कोणी लिहिला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. हात लावला की तो कुठे कुठे दुखतो हे मात्र दौलतला ठाऊक होतं, आणि एवढ्या एका गोष्टीवर त्याची नोकरी उभी होती. एके दिवशी मॅनेजर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दौलत, तुला जे जे माहितीये ते सगळं एकदा लिहून काढ ना यार. नवीन एआय टूलला वाचायला द्यायचंय." दौलतने लिहायला घेतलं. पानं वाढत चालली तसं त्याला आपण आपलंच मृत्युपत्र टाइप करतोय असं वाटायला लागलं. फरक एवढाच की मृत्युपत्र करणाऱ्याला कोणी डेडलाइन देत नाही.

एकशे बाराव्या पानावर तो थांबला आणि नोकरी शोधायला लागला.

आठ महिन्यांत त्रेसष्ट अर्ज. चाळीस ठिकाणांहून काहीच आलं नाही. बावीस ठिकाणांनी त्याचा बायोडेटा भविष्यकाळासाठी जपून ठेवत असल्याचं कळवलं. एका ठिकाणाने परीक्षेला बसवलं. परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर द्यायची होती आणि अट एकच होती, खोलीत दुसरी व्यक्ती दिसता कामा नये. चिंचपोकळीच्या भानजी चाळीत ही अट आजवर कोणी पाळलेली नव्हती. तरी त्याच्या बायकोने, अक्षदाने, सासूबाईंना गॅलरीत बसवलं, स्वतः दारात उभी राहिली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसत्या भुवयांनी परतवून लावलं. परीक्षा सुरू झाली आणि पडद्यावर लाल पट्टी आली: दुसरा चेहरा आढळला आहे. दौलतने वळून बघितलं. मागे भिंतीवर हार घातलेले वडील होते. संगणकाने त्यांना धरलं होतं. दौलतने "बाबा, माफ करा" असं म्हणून त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पुढची नव्वद मिनिटं घामाने ओल्या बोटांनी उत्तरं टाइप केली.

पुढच्या फेरीसाठी लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत बोलावणं आलं. मुलाखत घेणारा अवधूत हा एकोणतीस वर्षांचा, पायात पांढरेशुभ्र बूट घातलेला अतिशय सभ्य मुलगा होता. सभ्य माणसांपुढे दौलतची जास्त दाणादाण उडत असे.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" अवधूतने विचारलं.

दौलतला डोळ्यांसमोर चाळ पाडल्यावर भाडेकरूंना हलवतात ते संक्रमण शिबिर दिसलं. तो म्हणाला, "लीडरशिप रोलमध्ये."

"कूल. कोड स्वतः लिहिता की टूलकडून लिहून घेता?"

या प्रश्नाला बरोबर उत्तर नव्हतं. स्वतः लिहितो म्हटलं तर म्हातारा, टूलकडून घेतो म्हटलं तर मग तुमचं काय काम. एसी त्याच्या मानेवर नेमका सोडलेला होता. "दोन्ही," तो म्हणाला, आणि ते खोटं आहे की खरं याचा त्याला स्वतःलाही पत्ता लागला नाही.

"कूल," अवधूत म्हणाला.

पहिलं कूल आणि दुसरं कूल यांत काय फरक होता यावर दौलतने नऊ दिवस विचार केला. दहाव्या दिवशी एचआरच्या नूपुरचा फोन आला. निवड झाली होती. ऑफर लेटर मेलवर आलं. त्यात सातव्या पानावर एक ओळ होती: सदर नेमणूक उमेदवाराची पार्श्वभूमी पडताळणी समाधानकारक झाल्यासच ग्राह्य धरली जाईल. आठ महिन्यांत दौलत पहिल्यांदा हसला. माझी कसली पार्श्वभूमी? चाळीस वर्षं एकाच खोलीत, एकाच चाळीत, एकाच आईपाशी. त्याने त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. मॅनेजरने त्याला मिठी मारली. अलिबागची एक फेरी वाचली होती. राजीनामा मागे घ्यायची सोय सिस्टिममध्ये नाही, हेही त्याने आपुलकीने सांगितलं.

आता भानजी चाळीबद्दल थोडं सांगायला हवं.

चाळ पाडून टॉवर उभा करायचं घोंगडं नऊ वर्षं भिजत पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी एक माणूस मतदार यादी तपासायला म्हणून आला, घरोघरी चहा प्यायला, फॉर्मवर सह्या घेऊन गेला. सहा महिन्यांनी त्याच सह्या बिल्डरच्या संमतिपत्रावर कोर्टात हजर झाल्या. तेव्हापासून केस चालू होती आणि चाळीला सहीची दहशत बसली होती. भाडेकरू कमिटीचे अध्यक्ष रघुकाका सावंत, बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांनी दौलतला बोलावून सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाला. असा कायदा लिहून दे की कोणी शिरताच कामा नये."

दौलतने एका रविवारी बसून आठ कलमं लिहिली. कागद, बॅग किंवा टॅब घेऊन आलेल्याने कोणाचंही नाव विचारल्यास "असा कोणी इथे राहत नाही" असं सांगावं. तो बँकेचा, कुरिअरचा किंवा गॅसचा आहे म्हणाला तरी तेच सांगावं. फारच मागे लागल्यास "ते सोडून गेले" म्हणावं. पहिल्या मजल्याने नालासोपारा सांगावं, दुसऱ्याने बदलापूर, तिसऱ्याने पनवेल. चौथं कलम: नातं विचारल्यास नाकारावं. पाचवं: फोटो दाखवल्यास चष्मा नाही म्हणावं. दारांवरच्या नावाच्या पाट्या काढाव्यात. कशावरही सही करू नये. कलमं अशीच पुढे चालली होती आणि प्रत्येक पळवाट बुजवत होती. नववं मागाहून घातलं, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या राण्यांना बिल्डरने फोडलं आणि ते त्याचा मोजणीवाला स्वतःचा भाचा म्हणून घेऊन आले. म्हणून नववं कलम: आपल्यापैकीच कोणी "हा माणूस खरा आहे, सही द्या" असं सांगू लागल्यास त्याच्यावर मुळीच विश्वास ठेवू नये; तो फुटलेला असू शकतो.

चौदा वर्षांत दौलतने लिहिलेला एकही प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला नव्हता. हा चालला.

नूपुरचा दुसरा फोन मंगळवारी दुपारी आला. दौलत ऑफिसच्या पॅन्ट्रीत होता. जुन्या नोकरीचे शेवटचे चार दिवस उरले होते.

"हाय दौलत, एक छोटासा इश्यू आहे," नूपुर म्हणाली. तिचा आवाज इतका गोड होता की दौलतने हातातला चहा खाली ठेवला. "तुमचं ॲड्रेस व्हेरिफिकेशन रेड आलंय."

"रेड म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही तिथे राहत नाही."

"मी तिथेच राहतो, मॅडम. जन्मलोय तिथे."

"मी रिपोर्ट वाचते हं." नूपुर वाचू लागली. "उत्तर देणारी व्यक्ती, ज्येष्ठ महिला. उमेदवार येथे राहतो का, नाही. उमेदवाराशी नातं, नाही. शेरा: महिलेस मुलगा नसल्याचे तिने सांगितले. फोटो दाखवला असता चष्मा नसल्याचे सांगितले. महिलेने चष्मा घातलेला होता." ती जरा थांबली. "शेजारी एक, उमेदवार बदलापूरला गेला. शेजारी दोन, पनवेलला गेला. दौलत, आर यू देअर?"

दौलतने ओट्याला धरलं होतं. "माझं आधार कार्ड आहे, मॅडम. लाइट बिल आहे."

"डॉक्युमेंट्स ओके आहेत. पण फिजिकल चेक कंपल्सरी आहे. गुरुवारी पाचच्या आत दुसरी व्हिजिट होईल. घरातल्या एकाची आणि शेजाऱ्यांपैकी एकाची सही लागेल. पुन्हा रेड आलं तर सिस्टिम फाइल ऑटोमॅटिक क्लोज करते. माझ्या हातात काही नसतं, सॉरी हं."

दौलत परळहून चिंचपोकळीला चालत गेला. चाळिसाव्या वर्षी चौसष्टावा अर्ज कोण वाचणार, हा एकच विचार डोक्यात फिरत होता. जुनी नोकरी शुक्रवारी संपत होती. नवी त्याला ओळखत नव्हती. आणि ज्या बाईने त्याला ओळखत नाही म्हणून सांगितलं होतं ती आत्ता घरात तांदूळ निवडत बसलेली असणार होती.

ती तशीच बसलेली होती.

"आये," त्याने चप्पल न काढताच विचारलं, "परवा कोणी आलं होतं?"

सुभद्राबाईंचा चेहरा उजळला. "इलो होतो एक. टकलो. बॅग घेऊन. तुझां नाव घेतल्यान. मी म्हटलंय, असो कोण हंय रवना नाय."

"मग?"

"मगे म्हणता, तुमचो झील ना तो? मी म्हटलंय, माका झीलच नाय." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "चार नंबरचां कलम. एक पण चुकलंय नाय. मोबाइलवर फोटो दाखवल्यान, तर म्हटलंय चष्मो नाय."

शाबासकीसाठी त्या मुलाकडे बघत राहिल्या. दौलत खाटेच्या कडेवर बसला.

"आये, तो खरा होता."

"सगळे खरेच असतत," सुभद्राबाई म्हणाल्या.

तेवढ्यात रघुकाका आत आले. चाळीत कोणी दार वाजवून येत नसे. "काय रे दौलत्या, ऐकलंस का? तुझ्या आईने काय सिक्सर मारलान! आणि वर माझ्याकडे आला तो, तर मी पनवेल ठोकून दिलं. बिचारा लिहून घेत होता." रघुकाका खदखदून हसले. मग दौलतचा चेहरा बघून थांबले. "काय झालं?"

दौलतने सगळं सांगितलं. नवी नोकरी, पडताळणी, लाल शेरा, गुरुवार, दोन सह्या.

"म्हणजे तू म्हणतोस," रघुकाका म्हणाले, "की तो माणूस खरा आहे."

"हो काका."

"आणि आम्ही त्याला सही द्यायची."

"फक्त दोन. एक आईची, एक तुमची."

रघुकाकांनी खिशातून नियमावली काढली. त्यांनी ती लॅमिनेट करून घेतली होती. बोट खाली खाली नेत ते नवव्या कलमावर थांबले, आणि पूर्वी बसमध्ये स्टॉपचं नाव पुकारत तशा सुरात त्यांनी ते वाचून दाखवलं.

"काका, ते मीच लिहिलंय," दौलत म्हणाला.

"म्हणून तर म्हणतो," रघुकाका म्हणाले. "चांगलं लिहिलंयस." आणि ते गेले.

बुधवारी सकाळी दौलत बादली घेऊन नळावर गेला तर नळावरचं बोलणं बंद पडलं. पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला. चाळीस वर्षांत त्याने या जागी शांतता ऐकली नव्हती. गॅलरीतून परतताना मागून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, "राणे पण असाच म्हणाला होता." आणि दुसरं कोणीतरी, "राण्याच्या तर तोंडावर घाम पण नव्हता." दौलतने बाहीने तोंड पुसलं आणि मग आपण ते का पुसलं असं वाटून अधिकच घामाघूम झाला. राणेंचं पुढे काय झालं हे त्याला माहीत होतं. चाळीने त्यांना काहीही केलं नव्हतं. फक्त त्यांच्याशी बोलायचं थांबवलं होतं, वर्षभर, त्यांच्या मुलीच्या लग्नातसुद्धा, आणि शेवटी ते स्वतःच उठून निघून गेले. खरोखरच पनवेलला.

अक्षदा सासूबाईंसमोर नवऱ्याला "अहो" म्हणे आणि दोघंच असताना "तू". ती मोरीत भांडी विसळत होती आणि जवळ फक्त दौलत होता.

"इतकी कलमं लिहिलीस," ती दबक्या आवाजात म्हणाली. "त्यात 'दौलत परब सोडून' असे तीन शब्द टाकायला काय झालं होतं तुला?"

"आपणच अडकू असं कोणाला वाटतं लिहिताना?"

"मी सांगू का एक? शेजारच्यांच्या पाया पड."

"पडलो तर जास्त संशय येईल."

तिने पातेलं पुन्हा घासायला घेतलं, ते स्वच्छ होतं तरी.

दुपारी सुभद्राबाईंनी दार लोटून घेतलं. त्या दौलतच्या शेजारी येऊन बसल्या, आणि लहानपणी ताप बघायच्या तसा त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला.

"झिला, खरां सांग. रागावतलंय नाय मी. तुका कोणी काय सांगान फशिवल्यान तर नाय ना?"

मुलाखतीसाठी दौलतने दीडशे प्रश्नांची उत्तरं पाठ केली होती. आपली सर्वांत मोठी कमजोरी सांगा. मतभेदाचा प्रसंग कसा हाताळाल. या प्रश्नाचं उत्तर त्यांत नव्हतं. "नाही गं," तो म्हणाला, पण फुटलेला माणूसही हेच म्हणाला असता, हे दोघांनाही समजत होतं. सुभद्राबाई उठल्या आणि त्यांनी दार पुन्हा उघडलं. त्यांच्याजवळ या दहा बाय बाराच्या खोलीखेरीज जगात काही नव्हतं, आणि मुलाजवळ त्या नोकरीखेरीज. दोन्ही एका सहीवर येऊन उभ्या होत्या.

गुरुवारी चारला पडताळणीवाला आला. गंगाधर त्याचं नाव. पंचावन्नच्या पुढचा, टक्कल पडलेला, गुडघ्यांनी जिना मोजत चढणारा माणूस. दिवसाला वीस पत्ते शोधायचे आणि दर पत्त्यावर कोणीतरी आपल्याला खोटं सांगणार हे गृहीत धरून चालायचं, असं त्याचं काम होतं. दुसऱ्या मजल्यावर पोचून त्याने मान वर केली तर गॅलरीत चाळीस माणसं उभी होती. कोणी बोलत नव्हतं. गंगाधरने बॅग छातीशी धरली.

"परब?" त्याने दौलतला विचारलं. "तुम्हीच का ते, बदलापूरला गेलेले?"

"मीच. गेलेलो नाही."

"बरं," गंगाधर म्हणाला. असल्या खुलाशांची त्याला सवय असावी. त्याने दौलतचा फोटो घेतला, दाराचा घेतला, मग बॅगेतून टॅब काढून सुभद्राबाईंसमोर धरला. "मावशी, हे तुमचे कोण?"

सुभद्राबाईंनी रघुकाकांकडे बघितलं. रघुकाका छताकडे बघत होते.

"झील," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"मग इथे बोटाने सही करा."

गॅलरीतून एक हुंकार आला. रघुकाका पुढे झाले. "कागद कुठाय?"

"कागद बंद झाले, काका. आता काचेवरच."

"मग सही राहते कुठे?"

"ॲपमध्ये."

"ॲप कुठे असतं?"

गंगाधरने टॅब उलटा करून मागची बाजू बघितली. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. "ते आम्हाला नाही सांगत," तो म्हणाला.

माणसं आणखी जवळ सरकली. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "वैनी, करू नका!" दौलतने घड्याळ बघितलं. साडेचार झाले होते. सुभद्राबाईंनी उजव्या हाताचं बोट पदराला पुसलं, काचेपर्यंत नेलं आणि तिथेच थांबवलं.

"झिला," त्या म्हणाल्या, "तू ह्या कामातलो. माका सांग. ही सही खंय जातली?"

उत्तर तयार होतं. कुठे नाही जात गं आये, फक्त कंपनीकडे जाते. आठ शब्द, आणि पाचच्या आत सगळं आटोपलं असतं. अक्षदा सासूबाईंच्या पाठीमागून डोळ्यांनी तेच सांगत होती. दौलतने तोंड उघडलं, आणि त्याला त्याचा तो जुनाट प्रोग्राम आठवला. त्यात विमेदारांच्या सह्या येत. त्या तात्पुरत्या म्हणून एका फोल्डरमध्ये ठेवलेल्या होत्या आणि चौदा वर्षं तात्पुरत्याच राहिल्या होत्या. त्यांची एक प्रत एका कंत्राटदाराकडे जाई, त्याच्याकडून दुसऱ्याकडे. त्यापुढचं दौलतने एकदा विचारलं होतं तेव्हा मीटिंगमध्ये सगळे त्याच्याकडे दयेने बघत राहिले होते. लाखभर माणसांनी बोटं टेकवली होती, आणि त्यांतल्या एकाच्याही आईने हा प्रश्न त्याला विचारला नव्हता.

"मला माहीत नाही, आये," तो म्हणाला.

अक्षदाने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"कंपनीकडे जाते असं म्हणतात. तिथून पुढे कुठे जाते, कोण बघतं, पुसतात का तशीच ठेवतात, मला माहीत नाही. मी हेच काम करतो तरी मला माहीत नाही. तुला नको वाटत असेल तर नको करू." हे बोलून झाल्यावर त्याला आपण काय केलं ते समजलं, आणि त्याने दाराची चौकट धरली.

गंगाधर दौलतकडे पाहतच राहिला. वीस वर्षांच्या फिरतीत असा उमेदवार त्याने पाहिला नव्हता.

सर्वांत आधी रघुकाका बोलले. ते दौलतशी बोलले नाहीत. "सुभद्रावैनी, तो मतदार यादीवाला आठवतो? सही कुठे जाणार म्हणाला होता?"

"फकस्त यादीत जातली, असां सांगल्यान."

"आणि राण्याचा भाचा?"

"फकस्त मोजमापाक."

"बघा. दोघांना पक्कं माहीत होतं." रघुकाकांनी लॅमिनेशनच्या कडेने हनुवटी खाजवली. "हा दोन दिवस सही द्या, सही द्या म्हणतोय. आता सही यायची वेळ आली तर म्हणतो माहीत नाही, नको करू." ते गॅलरीकडे वळले. "बिल्डरचा माणूस इतका वाईट पढवलेला नसतो."

कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं. हसू फार मोठं नव्हतं, पण दौलतला वाटलं की आपल्या मानेवर कोणीतरी दोन दिवस ठेवलेला हात जरासा उचलला.

सुभद्राबाईंनी सही केली. त्यांनी "सुभद्रा" एवढं मोठं काढलं की नवऱ्याच्या नावाचा, "केशव"चा, व काचेच्या बाहेर गेला आणि परबांना जागाच उरली नाही. गंगाधर म्हणाला चालेल. मग टॅब अडून बसला. मागच्या वेळी नातं "नाही" असं नोंदलेलं होतं; उत्तर बदलण्याचं कारण द्या, म्हणाला. घर बंद, पत्ता चुकला, इतर. गंगाधरने "इतर" दाबलं. खाली रिकामी चौकट उघडली. त्याने सुभद्राबाईंच्या बोटाकडे बघितलं, ते अजून हवेतच होतं. मग एकेक अक्षर शोधत त्याने टाइप केलं: आई घाबरली होती.

टॅबला ते पटलं. रघुकाकांनी शेजारी म्हणून सही केली. चार वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

शुक्रवारी दौलत जुन्या ऑफिसातून आपला मग घेऊन निघाला आणि जिन्यातच नूपुरचा मेल आला. नावापुढे हिरवा ठिपका होता. सोमवारी साडेनऊला हजर व्हायचं होतं. घरी अक्षदाने त्याच्या हातातून फोन घेऊन तो ठिपका दोनदा मोठा करून पाहिला आणि सासूबाईंसमोरच म्हणाली, "सुटलास रे!"

सुभद्राबाईंनी "अहो-तू"कडे लक्ष दिलं नाही. त्या खाटेवर बसल्या होत्या. उजव्या हाताचं ते बोट त्यांनी डाव्या मुठीत धरलेलं होतं. कालपासून त्या अशाच बसत होत्या.

"सही पोचली?" त्यांनी विचारलं.

"पोचली, आये."

"खंय?"

दौलतने फोनवर बघितलं. हिरव्या ठिपक्याखाली बारीक करड्या अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं. त्याने ते वाचायला घेतलं, दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आला आणि आईला सांगता येईल असं काही सापडेना. तो तिच्याजवळ जाऊन बसला. मग दोघंही, हातात फोन आणि मुठीत बोट, बराच वेळ उघड्या दारातून जिन्याकडे बघत राहिले.